'आपली माणसं' भेटतील का? मॉरिशसबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात रोझ हिलमधल्या आमच्या घराबद्दल दोन पानं लिहिली आणि पत्रांचा ढीगच आला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: यजमानांची तिथल्या कापड गिरणीत नोकरी होती, त्यामुळे सहा वर्षं आम्ही मॉरिशसला काढली. मी काही प्रवास कंपनीची माणूस नव्हे. जे खाल्लं, पाहिलं आणि शेजारणीकडून ऐकलं, तेवढंच सांगू शकते. हॉटेलांची नावं कृपा करून विचारू नका. आमचं घर होतं, हॉटेलात राहायची वेळच आली नाही.

प्रश्न : सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या आणि पूर्ण शाकाहारी आहेत. एजंट म्हणतो, हॉटेलाबाहेर त्यांना खायला काही मिळणार नाही. आठ दिवसांचा चिवडा-लाडू बांधून न्यावा का? — सौ. क. दे., नाशिक

चिवडा न्या, विमानात बरा पडतो. ताजी फळं, भाज्या, बिया मात्र नेऊ नका. परवान्याशिवाय त्या आत नेता येत नाहीत आणि विमानतळावर काढून घेतात. बाकी एजंटाचं ऐकू नका. त्यानं बहुतेक धोल-पुरी खाल्लेलीच नाही.

धोल म्हणजे डाळ. वाटाण्याची पिवळी डाळ शिजवून, जिरं-हळद घालून कोरडी भुरभुरीत वाटतात आणि मैद्याच्या पारीत भरून लाटतात. आपल्या पुरणपोळीत गूळ घालायचा राहून गेला, तर जे होईल ते. पण इतकी पातळ आणि मऊ, की हातात धरली तर कडेनं लोंबते. विकणारा मोटारसायकलच्या मागच्या सीटवर काचेची पेटी बांधून नाक्यावर उभा असतो. आपण 'एन पेर' म्हणायचं, म्हणजे एक जोडी. एकटी पुरी कुणी मागत नाही. तो एकावर एक दोन पुऱ्या हातावर घेतो, त्यावर पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची रस्सा भाजी, टोमॅटोची 'रुगाय' आणि लोणचं, सगळं एकेक चमचा फासतो, गुंडाळतो, कागदात वळतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघतो. सगळं मिळून दहा-बारा सेकंदं. मधेच एकदा मान वर करून विचारतो, 'पिमां?' म्हणजे मिरची घालू का? मी पहिल्या दिवशी मोठ्या तोऱ्यात 'वी, वी' म्हणाले. म्हटलं, कोल्हापूरच्या माहेरवाशिणीला मिरचीचं काय कौतुक! डोळ्यांतून पाणी आणि उचकी, दोन्ही एकदम. सासूबाईंना 'पा त्रो पिमां', म्हणजे फार तिखट नको, एवढं पाठ करून ठेवायला सांगा.

सकाळी 'गातो पिमां' घ्या. डाळीचे छोटे, कुरकुरीत वडे. लोणी लावलेल्या पावात चुरून खायची तिकडची पद्धत आहे. पोर्ट लुईच्या मंडईत 'आलुदा' मिळतो, म्हणजे फालुद्याचा चुलतभाऊ. दूध, सब्जाचं बी आणि चायना ग्रासचे तुकडे. सब्जाला तिकडे तुकमारिया म्हणतात. त्याच मंडईत भाजीच्या गाळ्यांपुढून सासूबाईंना जरूर फिरवा. दोडका 'पिपंगाय' होऊन बसलाय, भेंडी 'लालो', कारलं 'मार्गोझ' आणि शेवग्याचा पाला 'ब्रेद मुरुम'. कोथिंबिरीला 'कोतोमिली' म्हणतात, कढीपत्त्याला 'कारीपुले'. हे दोन्ही शब्द तमिळांनी नेलेले. नीरफणस आणि बिलिंबीचं लोणचंही दिसेल. सासूबाई कोकणातल्या असल्या तर तासभर हलायच्या नाहीत.

एक सावधगिरी. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर माशाला तिकडे मांस धरतीलच असं नाही. 'सां लाव्यान, सां प्वासों, सां दिझेफ' असं तिन्ही म्हणा: मांस नको, मासा नको, अंडं नको. चिनी पद्धतीच्या नूडल्सना तिकडे 'मीन' म्हणतात. त्यांत आणि 'बुलेत'च्या, म्हणजे उकडलेल्या गोळ्यांच्या सुपात मासळीचा अंश असायची शक्यता फार, तेव्हा तिथे दोनदा विचारा. त्याहून सोपी युक्ती म्हणजे 'कारेम' हा शब्द. उपास-तापास, व्रतवैकल्यासाठी मांसाहार सोडला की तिकडचे हिंदू 'कारेम' करतात. शब्द ख्रिश्चनांच्या लेंटच्या उपवासाचा, पण वापर सगळ्यांचा. 'मामां पे फेर कारेम', आई कारेम करतेय, म्हटलं की दुकानदार स्वतःच सांगतो काय खावं आणि काय नको.

प्रश्न : मुलांची सुट्टी मे किंवा दिवाळीत. कुठला महिना बरा? — श्री. प. सा., सोलापूर

दोन्ही बरे. तिकडचे ऋतू उलटे: आपल्याकडे उन्हाळा तेव्हा त्यांच्याकडे हिवाळ्याची सुरुवात. मेमध्ये हवा छान असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाणी उबदार होऊ लागतं, आणि नोव्हेंबर सरता सरता लिचीची झाडं लाल होतात. जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर पूर्व किनारा टाळा, आग्नेयेचा वारा अंगावर येतो, पश्चिमेकडे राहा.

जानेवारी ते मार्च हा चक्रीवादळांचा भर. घाबरायचं कारण नाही, तिकडची सूचना देण्याची पद्धत पक्की आहे. वर्ग एक ते चार. तीन लागला की शाळा, कचेऱ्या, बस सगळं बंद. आमच्या पहिल्या 'क्लास तीन'ला मी मेणबत्त्या, पाण्याच्या बादल्या, रेडिओचे सेल अशी जय्यत तयारी करून धास्तावून बसले होते, आणि शेजारच्या घरातून तळणाचा वास. वादळ येईपर्यंत वीज आहे तोवर शेजारीण गातो पिमां तळून घेत होती.

प्रश्न : मॉरिशसमध्ये आपली मराठी माणसं आहेत असं ऐकलं. ती मराठी बोलतात का? भेटता येईल का? — श्री. वि. मो., सातारा

तळणाचा वास जिच्या घरातून येत होता, तिच्याबद्दलच सांगते. आम्ही तिला मावसी म्हणायचो. मावशी नाही, मावसी, कारण ती स्वतः तसंच म्हणायची. वय सत्तरच्या पुढे. आडनाव वाचून मराठी आहे हे तुम्हाला सात जन्मांत कळलं नसतं. बोटीवरून उतरलेल्या माणसाचं पहिलं नाव कारकुनानं ऐकू येईल तसं टिपलं, आणि पुढच्या पिढ्यांना तेच आडनाव म्हणून चिकटलं. अशी नावं तिकडे घरोघर आहेत.

इतिहास थोडक्यात. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अॅटलस' नावाचं जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. गुलामगिरी संपत आली होती आणि उसाच्या मळेवाल्यांना हात हवे होते. तेव्हापासून १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं करारावर तिथे उतरली. त्यांतली काही पुढे दुसऱ्या वसाहतींत गेली. बहुतेक बिहार आणि संयुक्त प्रांतातली, म्हणून तिकडे भोजपुरीचा पगडा. मुंबई बंदरातून गेलेले त्या मानानं थोडे. रत्नागिरी, सावंतवाडी, कोल्हापूर, सातारा या भागांतले. त्यांची ही मंडळी.

बोलतात का? घरात क्रेओल बोलतात, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली. सगळेच क्रेओल बोलतात: हिंदू, मुसलमान, चिनी, आफ्रिकी वंशाचे, सगळे. वर्तमानपत्र फ्रेंच, सरकारी कागद इंग्रजी. मराठी शाळेत विषय म्हणून शिकवतात, मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये वरच्या वर्गांना आहे, रेडिओ-टीव्हीवर कार्यक्रम लागतात. मावसीला मराठी वाचता येत नव्हतं. तिच्याकडे शंभर पानी वही होती, कडा पिवळ्या पडलेल्या, आणि तिच्यात सगळ्या आरत्या रोमन लिपीत. त्याही फ्रेंच थाटाच्या स्पेलिंगनं. 'सुख'मधला उकार दाखवायला 'ओ'पुढे 'यू'. गणपतीत ती वही समोर धरायची, पण एकदाही खाली बघायची नाही. 'लवथवती विक्राळा' शेवटच्या कडव्यापर्यंत तोंडपाठ. मला दोन कडव्यांपुढे येत नाही. मी टाळ्या वाजवायचे.

गणेश चतुर्थीला तिकडे सार्वजनिक सुट्टी असते, देशाला. मावसीकडे दीड दिवसाचा गणपती. मोदक, पुरणपोळी, आणि रात्री झाकरी. आपल्या कोकणात जाखडी म्हणतात तीच. मधोमध ढोलकी आणि गाणारे, भोवती गोल धरून नाचणारे. गाण्यातले काही शब्द मला कळेनात. विचारलं तर मावसीच्या भावालाही कळत नव्हते. आजोबांनी जसे म्हटले तसे तो म्हणत होता. विसर्जन फ्लिक ऑं फ्लाकच्या समुद्रात. बर्म्युडा घातलेले युरोपियन पर्यटक टॉवेल गुंडाळून बाजूला उभे आणि गुडघाभर पाण्यात 'मोरया'.

आता 'भेटता येईल का' याबद्दल. येईल, पण जरा बेतानं. आम्ही तिथे असताना ओळखीतून एक मराठी ग्रुप आला होता. मावसीकडे चहाला नेलं. सगळ्यांनी तिला घेरलं. फोटो झाले, मिठ्या झाल्या. एक बाई डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "तुम्ही आमच्याच हो! एकदा आपल्या गावाला या ना." मी क्रेओलमध्ये सांगितलं. मावसी कपबशी खाली ठेवत म्हणाली, "माझं गाव? वाकोआ." वाकोआ रोझ हिलपासून बसनं अर्ध्या तासावर. तिथे ती जन्मली, तिथे तिच्या बापानं ऊस तोडला.

बाईंना वाटलं तिला प्रश्न समजला नाही. तिला चांगला समजला होता.

तेव्हा जा, गणपतीत जा, हात जोडा, झाकरीत दोन फेऱ्याही घाला. पण त्यांच्या मराठीच्या परीक्षा घेऊ नका आणि 'तुम्हाला इथे परकं वाटत नाही का' असं तर मुळीच विचारू नका.

प्रश्न : इंटरनेटवर दिसणारा समुद्राखालचा धबधबा कुठून बघायचा? बोटवाल्यानं नेलं, काहीच दिसलं नाही. पैसे वाया. — श्री. नि. क., पुणे

बोटीतून दिसणारच नाही हो. धबधबा नाहीच तिथे. बेटाच्या नैर्ऋत्येला ल मोर्न डोंगराच्या टोकाशी समुद्रतळाचा उथळ पट्टा संपतो आणि एकदम खोल होतो. प्रवाहानं वाळू त्या कडेवरून खाली घरंगळते, तिचे पांढरट पट्टे आणि खाली गडद निळं पाणी, म्हणून उंचावरून पाहिलं की पाणी कोसळतंय असा भास होतो. हेलिकॉप्टर किंवा सी-प्लेन घेतलंत तरच. सहा वर्षांत आम्ही ते केलं नाही, परवडलं नसतं असं नाही, पण त्या पैशात यजमानांनी किती जोड्या धोल-पुरी येतील याचा हिशेब मांडला.

शामारेलची सात रंगांची माती मात्र जमिनीवर उभं राहून दिसते. ज्वालामुखीचा दगड झिजून माती झाली, तिच्यात लोहाची आणि अॅल्युमिनियमची संयुगं, त्यांचे लाल-जांभळे थर. ऊन असताना जा. ढगाळ दिवशी ती सरसकट विटकरी दिसते आणि मग तुम्ही मला पुन्हा पत्र लिहाल.

प्रश्न : समुद्रकिनाऱ्यावर लोळायची आम्हा दोघांना आवड नाही. निवृत्त शिक्षक आहोत. पाच दिवसांत काय पाहावं? — सौ. शो. व श्री. मा. गो., अमरावती

तुमच्यासारख्यांचीच वाट बघत होते.

पहिला दिवस पोर्ट लुई. आप्रवासी घाट बंदराच्या अगदी कडेला आहे. जहाजातून उतरलेली माणसं ज्या सोळा पायऱ्या चढून आत आली, त्या अजून आहेत. दगडी, बुटक्या, मधे झिजलेल्या. नोंदणी होऊन मळ्यावर पाठवेपर्यंत मजुरांना इथेच ठेवत. २००६ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा ठरवला. जागा लहान आहे, अर्ध्या तासात बघून होते असं वाटतं. आम्ही तीनदा गेलो. तिथून पायी मंडई, जुम्मा मशीद, चिनी वस्ती. निसर्ग इतिहास संग्रहालयात डोडोचा सांगाडा आहे. १५९८ मध्ये डच उतरले तेव्हा हा पक्षी माणसाला भ्यायचा नाही. पुढची शंभर वर्षं व्हायच्या आत नाहीसा झाला. त्यात डचांच्या भुकेपेक्षा जहाजांतून आलेले उंदीर, डुकरं आणि माकडं यांचा हात मोठा, कारण डोडो जमिनीवर अंडी घालायचा.

नोटा हातात आल्या की एकदा उलटसुलट बघा. रक्कम इंग्रजी, तमिळ आणि हिंदीत लिहिलेली असते, आणि पंचवीसच्या नोटेवर चिनी वंशाचे, पाचशेच्या नोटेवर भारतीय वंशाचे, हजाराच्या नोटेवर क्रेओल, म्हणजे आफ्रिकी-मिश्र वंशाच्या समाजातले पुढारी. शिक्षक आहात, नोटाच वाचल्यात तरी अर्धा इतिहास झाला.

ल मोर्नचा डोंगर ५५६ मीटर उंच, समुद्रात घुसलेला. पळून गेलेले गुलाम त्याच्या कड्यांत लपून राहत. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी रद्द झाली. तिथले लोक सांगतात की ही बातमी द्यायला शिपाई डोंगर चढू लागले, तेव्हा वरच्यांना वाटलं पकडायला आले, आणि त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. लोककथा आहे, पण गाइड ती सांगताना आवाज खाली आणतो. टोकापर्यंत चढू नका, शेवटचा टप्पा हाता-पायांनी चढायचा आहे. मधल्या सपाटीवरून खालचं लगून, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतलं उथळ पाणी, दिसतं तेवढं पुरे.

गंगा तलाव हे वरच्या पठारावरचं ज्वालामुखीच्या मुखातलं तळं. धुकं असतं, अंगावर घ्यायला काहीतरी न्या. शंकराची मूर्ती ३३ मीटर उंच, ती बघायला सगळे जातात. मला स्वतःला तळ्याची बाजू जास्त आवडते. महाशिवरात्रीला देशभरातून लोक पांढऱ्या कपड्यांत, खांद्यावर कावड घेऊन चालत येतात, आणि वाटेवर सरबत-फळं वाटणाऱ्यांत ख्रिश्चन-मुसलमान शेजारीही असतात. माकडांपासून प्रसाद सांभाळा.

उरलेल्यात पांपलमूसची बाग, आग्नेय किनाऱ्यावरचं माहेबूर गाव, आणि दक्षिणेला सुयाकजवळ ग्री ग्री. बेटाला प्रवाळाचं कडं आहे म्हणून बाकी बहुतेक किनारे शांत; ग्री ग्रीला ते कडं तुटलंय, लाटा थेट कड्यावर फुटतात. तिथे पाण्यात उतरायचं नाही.

आणि बसनं फिरा. पोर्ट लुई ते क्यूरपिप मेट्रोही झाली आहे. फक्त संध्याकाळी सहा-सातनंतर गावाकडच्या बस संपतात, एवढं लक्षात असू द्या. आम्ही एकदा सुयाकला अडकलो आणि ऊस कारखान्यातल्या एका माणसानं ट्रकच्या पुढच्या सीटवर बसवून घरी सोडलं.

प्रश्न : हॉटेलात दाखवतात तो सेगा नाच खरा का? — कु. रे. पा., ठाणे

घागरे झळाळते असतील आणि कीबोर्ड वाजत असेल, तर करमणूक म्हणून बघा. खऱ्या सेग्याला तीन वाद्यं लागतात: रावान, मारावान आणि त्रिकोण. मारावान म्हणजे बिया भरलेला खुळखुळा, आणि रावान म्हणजे बकऱ्याचं कातडं ताणलेली मोठी डफलीच. वाजवण्याआधी ती शेकोटीवर धरून तापवतात. कातडं ताणलं जाऊन आवाज उघडेपर्यंत वादक बोटानं टिचक्या मारून ऐकत असतो. आपला डफवाला करतो तसंच. गुलामांचं गाणं हे, मळ्यावरचं काम संपल्यावर रात्री आगीभोवतीचं. नाचताना पाय जमिनीवरून फारसे उचलत नाहीत, घासत नेतात. शनिवारी रात्री सार्वजनिक किनाऱ्यांवर घरची मंडळी पातेली घेऊन येतात. तिथे कुणीतरी रावान काढतोच. लांब उभ्या राहू नका, बोलावतात.

प्रश्न : येताना काय आणावं? — सौ. ल. भो., जळगाव

व्हॅनिलाचा चहा. तीन-चार प्रकारची साखर. काळसर, ओलसर 'मस्कोवाडो' शिऱ्यात घालून बघा. शंख-शिंपले आणि पोवळ्याचे तुकडे उचलू नका, बेकायदा आहे. गुलाबी आयसिंगची 'नापोलितेन' बिस्किटं आणाविशी वाटतील. ती प्रवासात भुगा होतात, विमानतळावरच खाऊन टाका.

दोन वाचकांनी सेशेल्सबद्दलही विचारलंय. मी सेशेल्सला गेलेले नाही, त्यामुळे त्यांची पत्रं संपादकांकडे परत दिली आहेत.